क्युरारे, स्कोलिन आणि आईची मानेची गोळी: कोण नक्की कुठे अडवतं

तुझा प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी मला कळला तसा लिहिते. कॉम्प्युटरवरच्या प्रॅक्टिकलमधे उंदराचा डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) आणि त्याला जोडलेली फ्रेनिक नर्व्ह. ट्यूबोक्युरारीन, म्हणजे क्युरारे या विषातलं मुख्य औषध, टाकलं की नर्व्हला करंट देऊन मसल हलत नाही, पण मसललाच डायरेक्ट करंट दिला की मस्त हलतो. निओस्टिग्मिन टाकलं की नर्व्हवाला ट्विच, म्हणजे मसलचा झटका, परत येतो. स्कोलिननेही (सक्सिनिलकोलिन) ट्विच जातो, पण तिथे निओस्टिग्मिन टाकलं तर सुधारायचं सोडून अजून बिघडतं. डँट्रोलीनने दोन्हीकडचे ट्विच बारीक होतात. आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलंयस की ही सगळी मसल रिलॅक्संट, मग आईला मान आखडली म्हणून दिलेली मसल रिलॅक्संट गोळी यातली कुठली.

मी बावीस वर्षं भूल देतेय, म्हणजे यातली बरीचशी औषधं रोज हातात असतात, तरी खरं सांगते, शिकत असताना माझाही हाच गोंधळ होता कारण आम्ही औषधांची यादी पाठ करायचो आणि ती नक्की कुठे जाऊन बसतात ते बघायचंच राहून जायचं. तू यादी बाजूला ठेव. नर्व्हमधून सिग्नल निघाल्यापासून मसल आखडेपर्यंत एक साखळी आहे, औषध कुठलंही असो, साखळी कुठे तुटली तेवढंच विचारायचं आणि तुझ्याकडे दोन इलेक्ट्रोड आहेत ते नेमकं तेच सांगतात.

साखळी पटकन बघू. नर्व्हच्या टोकापर्यंत सिग्नल येतो, तिथले कॅल्शियम चॅनल उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि ॲसिटिलकोलिन या निरोप नेणाऱ्या रसायनाच्या पिशव्या बाहेर फुटतात, एकेका पिशवीत ५ ते १० हजार रेणू. मधली फट जेमतेम ५० नॅनोमीटरची. पलीकडे मसलवर रिसेप्टर, त्याच्या दोन जागांवर दोन ॲसिटिलकोलिन बसले तरच तो उघडतो, एकाने भागत नाही. उघडला की सोडियम आत येतो, शेजारचे सोडियम चॅनल पेटतात, सिग्नल मसलभर पळतो आणि टी-ट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांमधून खोल उतरतो, तिथे एक व्होल्टेज ओळखणारं प्रोटीन हलतं, ते पुढच्या रायनोडीन रिसेप्टरचं दार ढकलतं, आतल्या साठ्यातलं कॅल्शियम बाहेर पडतं, ट्रोपोनिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, आणि ॲक्टिन-मायोसिन हे मसलमधले धागे एकमेकांना ओढायला लागतात. तोवर फटीतलं ॲसिटिलकोलिन कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमने तोडून टाकलेलंही असतं, मिलिसेकंदाचा खेळ आहे सगळा.

आता ट्यूबोक्युरारीन. ते रिसेप्टरच्या त्या जागेवर येऊन बसतं आणि काहीच करत नाही, नुसतं बसतं. नर्व्ह ठणठणीत, पिशव्या फुटतायत, मसलही ठणठणीत, फक्त निरोप घ्यायला कोणी नाही. म्हणून डायरेक्ट करंटला मसल हलतो. हेच क्लोद बर्नारने १८५० च्या दशकात बेडकावर दाखवलं होतं आणि त्याची युक्ती मला आजही भारी वाटते. त्याने बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोरा बांधून बंद केला पण नर्व्ह मोकळी ठेवली, मग क्युरारे दिलं. बाकी बेडूक लुळा, पण बांधलेला पाय चालू, आणि विष लागलेल्या भागातली नर्व्ह छेडली तरी तो पाय उडायचा. म्हणजे विष नर्व्हच्या दोरीत नाही, मसलच्या मांसातही नाही, जिथे दोघं भेटतात तिथे आहे. ॲसिटिलकोलिन हा शब्दही तेव्हा नव्हता.

एक बारीक गोष्ट, व्हायवाला उपयोगी पडेल. 'डायरेक्ट' स्टिम्युलेशन दरवेळी खरंच डायरेक्ट असतं असं नाही, मसलच्या आत नर्व्हचे बारीक फाटे पसरलेले असतात आणि ते मसलपेक्षा लवकर पेटतात, त्यामुळे करंटचा पल्स छोटा असेल तर तुला वाटतं मसल छेडला आणि प्रत्यक्षात नर्व्हच छेडलेली असते. म्हणून पल्स रुंद ठेवायचा असतो. सिम्युलेशन हा घोळ सहसा लपवतं.

आता मुद्दा येतो जो तुझ्या ग्राफमधे आहे पण तू त्याबद्दल विचारलं नाहीस. ट्यूबोक्युरारीनचा डोस थोडा थोडा वाढवताना सुरुवातीला काहीच होत नाही ना? ट्विच जसाच्या तसा, आणि मग एकदम घसरतो. औषध सुरुवातीला काम करत नाही असं नाहीये, ते आल्या क्षणापासून रिसेप्टर अडवतंय. पण शरीराने रिसेप्टर गरजेपेक्षा खूपच जास्त ठेवलेत. साधारण ७० ते ७५ टक्के अडेपर्यंत ट्विचमधे फरकच दिसत नाही, आणि ९० ते ९५ टक्के अडले की ट्विच गायब. म्हणजे आमचा सगळा दिसणारा खेळ त्या शेवटच्या वीस-पंचवीस टक्क्यांत चालतो.

हे उलट्या बाजूने वाच म्हणजे अंगावर काटा येईल. पेशंटचा ट्विच पूर्ण परत आला, हात हलवला, श्वास घेतला, तरी त्याचे ६०-७० टक्के रिसेप्टर अजून औषधाखाली असू शकतात. मी नवीन असताना एका बाईंची श्वासाची ट्यूब काढली, डोकं उचला म्हटलं तर उचललं, पाच सेकंद धरलं, मी खूश. रिकव्हरीत नेल्यावर दहा मिनिटांनी सिस्टरने हाक मारली, बाईंचा आवाज घोगरा, लाळ गिळता येईना, ऑक्सिजन खाली, डोळ्यात अशी भीती की मी ती विसरलेली नाही. जीव जात नव्हता, मास्क लावून, उरलेलं रिव्हर्सल, म्हणजे ब्लॉक उतरवणारं औषध, देऊन सगळं सावरलं, पण तेव्हा कळलं की डोकं उचलणं ही परीक्षाच सोपी आहे, ती अर्धवट रिकव्हर झालेला पेशंटही पास होतो. घशाचे स्नायू फार नाजूक, ते शेवटी सुधारतात, उलट डायफ्रॅम सगळ्यात दांडगा, तो आधी परत येतो, म्हणून श्वास चालू दिसतो आणि आपण फसतो. तुझं प्रॅक्टिकल डायफ्रॅमवरचं आहे हेही ध्यानात ठेव, त्याचे आकडे हाताच्या अंगठ्याला लावू नकोस.

म्हणून आम्ही ट्रेन ऑफ फोर बघतो. मनगटाजवळ अल्नर नर्व्हला सेकंदाला दोन या वेगाने चार झटके, आणि चौथा ट्विच पहिल्याच्या किती टक्के आहे ते मोजायचं. क्युरारेसारख्या औषधात चौथा पहिल्यापेक्षा लहान येतो, याला फेड म्हणतात, आणि त्याचं कारण मजेशीर आहे: नर्व्हच्या टोकावरही ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर असतात, ते 'अजून पिशव्या पुढे आणा' असं सांगतात, क्युरारे त्यांनाही गप्प बसवतं, मग एकामागून एक झटके आले की माल कमी पडत जातो. गुणोत्तर ०.९ च्या वर गेल्याशिवाय ट्यूब काढायची नाही. पूर्वी ०.७ चालायचं, आता नाही. आणि नुसतं डोळ्याने किंवा हाताने फेड ०.४ च्या खाली असेल तरच जाणवतो, म्हणजे ०.४ ते ०.९ हा सगळा पट्टा आपल्या हाताला आंधळा. मशीन लावा हो, असं मी ज्युनियर्सना रोज ओरडून सांगते आणि ते माझ्या मागे हसतात.

निओस्टिग्मिनकडे वळू. ते रिसेप्टरला हात लावत नाही, क्युरारेलाही हलवत नाही, ते फक्त कोलिनेस्टरेज बंद करतं. फटीत ॲसिटिलकोलिन साठतं, जागेसाठी मारामारी होते, संख्या ज्याची जास्त तो जागा मिळवतो. म्हणून ट्विच परत येतो. पण यातच त्याची मर्यादा आहे, एन्झाइम पूर्ण बंद झालं की त्यापुढे अजून निओस्टिग्मिन ओतून काही मिळत नाही, आणि ब्लॉक एकदम खोल असताना, चारपैकी एकही ट्विच नसताना दिलं तर जवळपास वाया. तुझ्या डिशमधे हृदय नाही म्हणून तुला दिसत नाही, पण माणसात हेच साठलेलं ॲसिटिलकोलिन हृदयाचे ठोके पाडतं, तोंडात लाळ आणतं, म्हणून आम्ही सोबत ग्लायकोपायरोलेट नाहीतर ॲट्रोपिन देतोच.

सुगामाडेक्स या दुसऱ्या रिव्हर्सलची गंमत अशी की ते या मारामारीतच पडत नाही. ते साखरेच्या रेणूंची कडी आहे, आतून पोकळ, रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम या क्युरारेसारख्या औषधांचा रेणू त्या पोकळीत जाऊन अडकतो, एकाला एक. रक्तातलं औषध असं उचललं गेलं की फटीतलं औषध आपोआप रक्ताकडे सरकतं. खोल ब्लॉकमधूनही माणूस बाहेर येतो, डोस तेवढा वाढवायचा, किलोला २, ४, अगदी इमर्जन्सीत १६ मिलिग्रॅम. युरोपात २००८ ला आलं, अमेरिकेत २०१५ उजाडलं. पण त्याच प्रकारचं ॲट्राक्युरियम त्यात बसत नाही, आकारच वेगळा, आणि स्कोलिन तर नाहीच नाही. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या पेशंटला सांगावं लागतं की पुढचे सात दिवस दुसरी काळजीही घ्या, कारण त्यातलं हार्मोनही थोडं त्या पोकळीत अडकतं. हे सांगायला लोक सर्रास विसरतात.

आता स्कोलिन, तुझा मुख्य घोळ. स्कोलिन म्हणजे दोन ॲसिटिलकोलिन एकमेकांना जोडलेले, त्यामुळे ते रिसेप्टरवर बसून त्याला उघडतं. आधी सगळे स्नायू थरथरतात, तेच फॅसिक्युलेशन. मग लुळे का पडतात? फ्लशची टाकी डोळ्यासमोर आण. दांडा दाबला, पाणी गेलं, एकदा फ्लश झाला. आता दांडा सोडलाच नाही तर टाकी भरणार नाही, आणि कितीही दाबलं तरी दुसरा फ्लश होणार नाही. स्कोलिन दांडा दाबून धरतं, कारण फटीतलं एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. आजूबाजूचे सोडियम चॅनल एकदा उघडून बंद पडतात आणि मसलचं व्होल्टेज परत खाली गेल्याशिवाय ते पुन्हा तयार होत नाहीत. यात निओस्टिग्मिन टाकून अजून ॲसिटिलकोलिन साठवणं म्हणजे दांड्यावर अजून एक हात ठेवणं. म्हणून तुझ्या ग्राफमधे बिघडलं. माणसात अजून एक कारण जोडीला येतं, स्कोलिन रक्तातल्या वेगळ्या कोलिनेस्टरेजने तुटतं आणि निओस्टिग्मिन त्यालाही बंद करतं, म्हणजे औषध जास्त वेळ टिकतं.

आणि डायरेक्ट करंटला इथेही मसल हलतो, कारण बिघाड फक्त त्या भेटीच्या जागेपुरता आहे, बाकी मसल शाबूत. फेडही दिसत नाही, चारही ट्विच सारखेच लहान. पण डोसवर डोस देत राहिलात तर हळूहळू ब्लॉकचा स्वभाव बदलतो आणि क्युरारेसारखा फेड यायला लागतो, त्याला फेज टू म्हणतात. तुझ्या सिम्युलेशनमधे हे असेल असं वाटत नाही.

स्कोलिनबद्दल माझं मत अजूनही चांगलं आहे, लोक कितीही नावं ठेवोत. ४५ ते ६० सेकंदात काम, ५ ते १० मिनिटात संपलं, पोट भरलेल्या पेशंटला पटकन ट्यूब टाकायला सोयीचं. पण त्याची भीती वाटलीच पाहिजे. नॉर्मल माणसात रक्तातलं पोटॅशियम लिटरला साधारण ०.५ मिलिमोलने वाढतं, ते चालतं. मात्र मोठं भाजणं होऊन काही दिवस झालेत, मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेत, किंवा आयसीयूत आठवडे पडून आहे, अशा माणसात नर्व्हचा धाक गेल्यामुळे रिसेप्टर मसलभर उगवलेले असतात, सगळीकडून एकदम पोटॅशियम बाहेर येतं आणि हृदय थांबू शकतं. आणि काहींच्यात ते रक्तातलं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं. माझ्या एका पेशंटला पाच मिनिटांचं औषध जवळपास पाच तास पुरलं. काही जादू करायची नसते, व्हेंटिलेटरवर ठेवायचं, झोपवून ठेवायचं, वाट बघायची.

झोपवून ठेवायचं हे मुद्दाम लिहिलं. यातलं एकही औषध शुद्ध घालवत नाही की वेदना कमी करत नाही. १९४२ च्या २३ जानेवारीला माँट्रियलमधे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला भुलेसोबत क्युरारे वापरलं, त्यानंतर काही वर्षं काही डॉक्टरांना वाटायचं की क्युरारे स्वतःच थोडी भूल देतं. १९४७ साली स्कॉट स्मिथ यांच्यावरचा प्रयोग छापून आला, त्यांनी भूल न घेता स्वतःला ट्यूबोक्युरारीन टोचून घेतलं, श्वास थांबेल त्याच्या अडीच पट, मित्र हाताने श्वास देत होते, आणि नंतर त्यांनी सांगितलं की पूर्ण वेळ सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं. वाद मिटला.

डँट्रोलीन सगळ्यांपेक्षा वेगळं. ते नर्व्हपाशी नाही, रिसेप्टरपाशी नाही, थेट आतल्या कॅल्शियमच्या दारापाशी, रायनोडीन रिसेप्टरवर बसतं. मसलमधे विजेचा सिग्नल नीट पोचतो पण कॅल्शियम पुरेसं बाहेर पडत नाही. म्हणून करंट नर्व्हला दे नाहीतर मसलला, दोन्ही ट्विच लहान. पूर्ण शून्य मात्र होत नाहीत, बघ तुझ्या ग्राफमधे. आम्हाला ते लागतं मॅलिग्नंट हायपरथर्मियाला, तिथे हेच दार जन्मतः सैल असतं आणि स्कोलिनने किंवा वासाच्या भुलेने उघडं पडून राहतं, मसल जळत सुटतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, अंग ताठ होतं, ताप नंतर. १९६० साली मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी पाय मोडलेल्या एका तरुणाची केस लिहिली, त्याच्या घरातले दहा जण भुलेत दगावले होते आणि तो पायापेक्षा भुलेलाच जास्त घाबरलेला होता. तिथून हा आजार घराण्यातून येतो हे कळलं. डोस किलोला २.५ मिलिग्रॅम, जुन्या बाटलीत २० मिलिग्रॅम असतं आणि एकेक बाटली ६० मिलि पाण्यात हलवत बसायची, म्हणजे ७० किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला नऊ बाटल्या. त्या वेळी खोलीतल्या प्रत्येकाला बाटली हलवायला लावायची, लाजायचं नाही.

इथे एक प्रश्न तुला पडायला हवा होता. ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपिन, ती एल टाइप कॅल्शियम चॅनल बंद करते, टी-ट्यूब्यूलमधलं ते व्होल्टेज ओळखणारं प्रोटीन पण एल टाइप कॅल्शियम चॅनलच आहे, मग गोळी खाणारी माणसं लुळी का पडत नाहीत? कारण हाडांच्या स्नायूत त्या चॅनलमधून कॅल्शियम आत येण्याची गरजच नाही, तो फक्त हलतो आणि पुढचं दार ढकलतो. हृदयात मात्र बाहेरचं कॅल्शियम आत यावंच लागतं. डिशमधल्या पाण्यातून कॅल्शियम काढून टाकलंस तर नर्व्हवाला ट्विच जाईल, कारण पिशव्या फुटायला बाहेरचं कॅल्शियम लागतं, पण डायरेक्टवाला बराच वेळ टिकेल. सिम्युलेशनमधे ऑप्शन असेल तर करून बघ, चार औषधांपेक्षा यातून जास्त कळेल.

पिशवीच्या अलीकडची मंडळी पटापट. बोट्युलिनम टॉक्सिन पिशवी फुटण्याचं यंत्रच कापतं, ए प्रकार स्नॅप-२५ नावाचं प्रोटीन कापतो, परिणाम तीन-चार महिने. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं, जेंटामायसिनच्या जातीतली ॲंटिबायोटिक्स पण साधारण तेच करतात, म्हणून प्रेग्नन्सीत फिट्ससाठी मॅग्नेशियम चालू असलेल्या बाईला रोक्युरोनियम बेताने द्यायचं, नाहीतर ते उतरतच नाही. ग्राफ मात्र क्युरारेसारखाच दिसेल हं, नर्व्हवाला गेला, डायरेक्ट राहिला. दोघांत फरक ओळखायचा तर बाहेरून ॲसिटिलकोलिन टाकून बघ. बोट्युलिनमच्या मसलला ते चालतं, क्युरारेच्या मसलवर त्याचा जोर पडत नाही.

आता आईची गोळी. ती यातली कुठलीच नाही. मानेसाठी देतात त्या टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, बॅक्लोफेन, डायझेपाम वगैरे गोळ्या मसलवर किंवा त्या फटीत जवळपास काहीच करत नाहीत, त्या मेंदूत आणि मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूत काम करतात आणि मसलला येणारा हुकूमच सौम्य करतात. टिझानिडीन तिथल्या अल्फा-२ रिसेप्टरवर, बॅक्लोफेन गाबा-बी रिसेप्टरवर. तुझ्या डिशमधे टाकल्यास तर ग्राफ सरळ चालू राहील, कारण तिथे ना मेंदू ना मज्जारज्जू. म्हणूनच त्यांनी झोप येते, चक्कर येते, क्युरारेने येत नाही. श्वास थांबेल का अशी भीती तुला वाटली असेल तर नेहमीच्या डोसात तसं होत नाही, पण झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत नको. टिझानिडीनने बीपी उतरतं, आईला पहाटे उठताना सावकाश उठायला सांग, आणि बॅक्लोफेन बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून हळूहळू कमी करायची.